कमळाच्या वाडग्यात झारी कशाला?

चीनच्या आन्हुई प्रांतातल्या सुसोंग इथे १९६३ साली एक जुनं थडगं उघडलं गेलं. थडगं सन १०८७ चं, म्हणजे उत्तर सोंग राजवटीतलं. त्यात चिनी मातीची एक जोडी निघाली: लांब बाकदार तोटीची उभट झारी आणि ती आत बसेल असा खोलगट वाडगा. वाडग्याची कड कमळाच्या पाकळ्यांसारखी कापलेली, झारीच्या झाकणावर इवलासा सिंह बसलेला, आणि दोन्हींवर फिकट निळसर झाक असलेली पांढरी झिलई. आज ही जोडी आन्हुईच्या संग्रहालयात आहे.

झारी दारूची, हे ओळखणं सोपं आहे. वाडगा कशाला, हा प्रश्न मात्र आपल्यासारख्यांना पडतोच. वाडगा गरम पाण्यासाठी आहे. त्यात कढत पाणी ओतायचं, दारूने भरलेली झारी त्यात उभी करायची आणि थोडा वेळ थांबायचं. पाणी निवलं की ते बदलायचं. तान्ह्या बाळाची दुधाची बाटली आपण गरम पाण्यात ठेवून कोमट करतो, तीच ही युक्ती, फक्त जास्त नखरेल.

दारू आणि गरम? आपल्याकडे थंड बिअर आणि बर्फाचे खडे हेच चित्र डोळ्यांसमोर असतं, म्हणून हे जरा विचित्र वाटतं. पण त्या काळी चीनमध्ये जे प्यायलं जाई ते व्हिस्की-रमसारखं ऊर्ध्वपातन केलेलं, कडक पेय नव्हतं. ती मुख्यतः भाताची आंबवलेली दारू होती. आज तिला हुआंगज्यू म्हणतात, अर्थ ‘पिवळी दारू’. चिकट तांदूळ शिजवून, त्यात बुरशी आणि यीस्ट असलेलं विरजण घालून ती मुरवतात. शाओशिंग शहराची हुआंगज्यू सर्वांत प्रसिद्ध. तिच्यात मद्यार्क साधारण १४ ते १८ टक्के, म्हणजे द्राक्षाच्या वाइनपेक्षा थोडा जास्त. चव गोडसर, आंबूस, किंचित सोया सॉसची आठवण करून देणारी. थंड असताना ही दारू गप्प असते. ३५-४५ अंशांपर्यंत कोमट केली की तिचा वास खुलतो आणि तोंडात ती मऊ लागते. शिवाय थंड दारू पोटाला बाधते ही चिनी वैद्यकातली जुनी समजूत. जपानी लोक साके गरम करून पितात, तोही याच घराण्यातला प्रकार.

मग सरळ चुलीवर का ठेवत नाहीत? मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० ला. भांडं थेट आगीवर ठेवलं तर तळाशी दारू करपते, वर वाफ होऊन तिचा जीवच उडून जातो, आणि पातळ चिनी मातीचं भांडं तडकतं ते वेगळंच. पाण्यात ठेवलं की हे सगळे धोके टळतात, कारण दारू पाण्यापेक्षा जास्त तापूच शकत नाही.

थोडा हिशेब करून पाहू. अर्धा लिटर दारू आहे, तापमान १५ अंश. वाडग्यात एक लिटर पाणी आहे, ८० अंशांचं. दोघांची उष्णता नुसती वाटली गेली तर दोन्ही साधारण ५८ अंशांवर येऊन भेटतील. पण झारी आणि वाडगा मिळून किलोभर चिनी माती आहे, तीही आपला वाटा घेणारच; मातीची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी. ती धरली तर आकडा ५२ च्या आसपास येतो. हवेत जाणारी उष्णता आणि चषकात ओतताना होणारी घट वजा करा. ओठांना दारू लागते तेव्हा ती नेमकी हवी तेवढी कोमट असते. सोंगकाळच्या कुणाकडे थर्मामीटर नव्हता, पण वाडगा किती खोल हवा आणि झारी किती बुडायला हवी हे कुंभारांना अनुभवाने पक्कं ठाऊक होतं.

एवढं कळलं की झारीचा आकार आपोआप उलगडायला लागतो. मला या भांड्यांमधली सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच: शोभेचं वाटणारं प्रत्येक वळण कशाच्या तरी कामाचं आहे. तोटी कुठून निघते ते पाहा. पोटातून नाही, खांद्यावरून. मूठही वरच जोडलेली. कारण पोट वाडग्यात, पाण्यात बुडणार आहे. तोटी खालून काढली असती तर ती वाडग्याच्या कडेला अडली असती. तोटीचं टोक झारीच्या तोंडाच्या जवळपास उंचीला आणलेलं असतं, कारण ते खाली राहिलं तर झारी भरता भरताच दारू तोटीतून बाहेर येईल. आणि तोटी बारीक असते, कारण चषक छोटे असतात.

ही झारी काही सोंग काळात एकदम अवतरली नाही. तांग राजवटीत, नवव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, पंगतीत दारू मोठ्या भांड्यातून पळीने वाढत. ली क्वांगयी नावाच्या तांगकालीन लेखकाने हे नोंदवून ठेवलंय, आणि त्यानंतर लवकरच झाकण, तोटी आणि मूठ असलेली झारी वापरात आल्याचंही तो सांगतो. पळीने वाढणाऱ्याला हात सांभाळावा लागतो, आणि उघड्या भांड्यातली दारू निवतही लवकर. झारीने दोन्ही प्रश्न मिटवले. तांगकाळच्या सुरुवातीच्या झाऱ्या मात्र ठेंगण्या, ढेरपोट्या, तोटी बोटाच्या पेराएवढी आखूड. त्यांतल्या हजारो हुनान प्रांतातल्या छांगशाच्या भट्ट्यांत भाजल्या गेल्या. इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ १९९८ साली एक बुडालेलं अरबी धाटणीचं जहाज सापडलं. त्यातल्या सुमारे साठ हजार चिनी भांड्यांत छांगशाचाच माल सर्वांत जास्त. एका वाडग्यावर सन ८२६ शी जुळणारी तारीख कोरलेली आहे. म्हणजे ही भांडी तेव्हाच जगभर जात होती. छांगशाच्या काही झाऱ्यांवर तोटीखाली कविताही लिहिलेल्या असतात. एका चार ओळींच्या कवितेत ‘वसंत’ हा शब्द आठ वेळा येतो: वसंताच्या पाण्याने वसंतातलं तळं भरलं, वसंतात वसंतातलं गवत उगवलं, वसंतातली माणसं वसंतातली दारू पिताहेत, वसंतातले पक्षी वसंताचे सूर काढताहेत. कवी कोण, कुणालाच माहीत नाही. पिणाऱ्याला त्याची गरजही नसावी.

पुढच्या दोनशे वर्षांत झारी उंच झाली, कंबर आवळली, तोटी लांबली आणि बरोबर वाडगा आला. बेइजिंगच्या राजवाडा संग्रहालयात हान शीझाय या दक्षिण तांग नावाच्या दहाव्या शतकातल्या राज्याच्या मंत्र्याच्या रात्रीच्या मैफलीचं चित्र आहे. त्यात पाहुण्यांसमोरच्या मेजांवर झारी-वाडग्याच्या अशा जोड्या स्पष्ट दिसतात. हनान प्रांतातल्या बाइशा इथल्या १०९९ च्या एका थडग्यात भिंतीवर नवरा-बायको मेजाशी समोरासमोर बसलेत, आणि मध्ये हीच जोडी. दोघांच्याही चेहऱ्यावर चांगल्या जेवणाची वाट पाहणाऱ्यांचा गंभीर भाव आहे.

हे सगळं श्रीमंती थाटाचं होतं का? काही अंशी हो. सोंगांची राजधानी काइफंग ११२७ मध्ये उत्तरेकडून आलेल्या जुरचेन लोकांच्या फौजांच्या हाती पडली. त्यानंतर दक्षिणेत निर्वासित झालेल्या मंग युआनलाओने जुन्या शहराच्या आठवणी लिहिल्या. तो म्हणतो, तिथल्या गुत्त्यांत कुणीही जा, दोनच माणसं समोरासमोर प्यायला बसली तरी त्यांच्यापुढे एक झारी-वाडग्याची जोडी, बशीसकट दोन चषक, फळांच्या आणि भाज्यांच्या पाच-पाच थाळ्या आणि वर तीन-पाच वाडगे एवढा सरंजाम मांडला जाई, आणि या भांड्यांची चांदी जवळजवळ शंभर ल्यांग भरे. शंभर ल्यांग म्हणजे सुमारे चार किलो. म्हातारपणी जुन्या शहराची आठवण काढणाऱ्याचा हात थोडा सैल सुटतो, हे धरून चाललं तरी एक गोष्ट यातून नक्की कळते: मूळ दिमाख चांदीचा होता. सिचुआनमधल्या फंगझोउ इथे १९९३ साली सोंगकाळच्या चांदीच्या भांड्यांचा मोठा साठा सापडला, त्यातही अशा जोड्या आहेत. कमळाच्या पाकळ्या, कोपऱ्यांच्या धारा, पोटावरचे उभे खोलगट पट्टे ही सगळी पत्रा ठोकणाऱ्याची भाषा. कुंभाराने ती मातीत उतरवली, आणि चांदी न परवडणाऱ्याला तोच थाट स्वस्तात मिळाला.

मातीबद्दल थोडं सांगायलाच हवं. सुसोंगची जोडी ज्या जातीची आहे तिला छिंगबाइ म्हणतात, निळसर-पांढरी. तिचं मोठं केंद्र जिंगदेझेन. या गावाला हे नाव सन १००४ मध्ये, जिंगदे हा राजशक सुरू असताना मिळालं, आणि चिनी मातीच्या भांड्यांचं गाव म्हणून त्याची ख्याती आजही टिकून आहे. इथल्या डोंगरात एक दगड मिळतो, तो कुटून, धुऊन, गाळून त्याची माती करतात. भट्टीत १२००-१३०० अंशांना त्यातला काही भाग वितळून काच होतो आणि उरलेल्या कणांना बांधून टाकतो. म्हणून भांडं पाणी शोषत नाही, टिचकी मारली की खणखणतं, आणि पातळ असेल तर उजेड आरपार दिसतो. पुढे युआन, म्हणजे मंगोल राजवटीच्या काळापासून त्यात काओलिन नावाची पांढरी माती मिसळू लागले. तिच्यामुळे जास्त आचेतही भांडं वाकत-खचत नाही. सतराशे बाराच्या पत्रात दांत्रकोल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने जिंगदेझेनच्या कुंभारांचं म्हणणं युरोपला कळवलं: काओलिन म्हणजे हाडं, दगड म्हणजे मांस. छिंगबाइची झिलई कोरीव रेषांच्या खाचेत जरा जाड साचते आणि तिथे निळी दिसते. नक्षी रंगवलेली नसते. ती झिलईच्या जाडीने उमटते.

चहाची झारी आणि दारूची झारी वेगळी कशी ओळखायची, हा नेहमीचा प्रश्न. सोंगकाळात चहाही झारीतून गरम पाणी ओतून, बांबूच्या रवीने घुसळून करत. त्यामुळे नुसत्या झारीवरून निवाडा करणं कठीण. सोबत वाडगा सापडला तर ती दारूची. मिंग-छिंग काळातल्या भांड्यांत एक साधी खूण कामी येते: चहाच्या किटलीत तोटीच्या मुळाशी गाळणीसारखी बारीक भोकं असतात, पानं अडवायला. दारूच्या झारीत बहुधा एकच मोठं भोक. चहाला झारीतले शुक्राचार्य लागतात, दारूला त्यांची अडचणच. अपवाद आहेत, पण बाजारात हातात आलेल्या भांड्याच्या आत डोकावून पाहायला काहीच खर्च नाही.

वाडगे मात्र झाऱ्यांपासून फार लवकर दुरावले. झारी फुटते, वाडगा उरतो आणि मग त्याचं काय करायचं ते घरातले ठरवतात. तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात सोंग दरबाराच्या रू जातीचा दहा पाकळ्यांचा एक कमळ-वाडगा आहे, आकाशासारख्या निळसर हिरव्या झिलईचा. सगळ्या जगात रू भांडी शंभराच्या आतच उरली आहेत, त्यांतला हा मानाचा नग. त्याला दारू गरम करायचा वाडगा म्हणतात ते आकारावरून. त्याची झारी कुठेही नाही.

दारू साठवायच्या बाटल्यांचंही असंच. रुंद खांदे, निमुळता तळ आणि दोन बोटांच्या रुंदीचं तोंड अशी मेइपिंग आज फुलदाणी म्हणून काचेच्या कपाटात उभी असते. नावाचा अर्थच प्लमच्या फांदीची बाटली. पण ते नाव फार उशिराचं. सोंग आणि जिन (जुरचेनांच्या राजवटीच्या) काळात ती दारूची बाटली होती. छोटं तोंड बूच मारायला सोपं आणि आतली दारू हवेपासून दूर. शांघाय संग्रहालयात त्सझोउ जातीच्या दोन मेइपिंग आहेत, पांढऱ्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेल्या. एकीवर ‘उत्तम दारू’ अशा अर्थाची अक्षरं, दुसरीवर ‘धुंदीच्या गावातला दारूचा समुद्र’. यापुढे फुलदाणीचा वाद कुणी घालू नये.

कुंभारांना गंमतही सुचायची. शान्शी प्रांतात १९६८ साली सापडलेली याओझोउच्या भट्टीतली हिरवी झारी याची साक्ष आहे. तिला झाकण आहे, पण ते नुसतं दिसायला, उघडतच नाही. दारू भरायची ती तळाच्या फुलासारख्या भोकातून, झारी उलटी करून. मग सरळ ठेवायची, आणि थेंबही सांडत नाही. युक्ती अशी की तळाच्या भोकातून एक नळी आत उभी वर जाते. झारी सरळ केली की दारू नळीच्या भोवती, तिच्या तोंडाच्या खाली राहते. नळीत शिरायला वाटच नाही. तोटीच्या मुळाशीही असाच एक आडोसा आहे, म्हणून उलटी करून भरताना तोटीतून गळत नाही. गळायला लागली तर समजायचं, भरली. तोटी म्हणजे पिल्लाला पाजणारी सिंहीण; दारू तिच्या जबड्यातून येते. सोंगकाळाच्या जरा आधीची किंवा अगदी सुरुवातीची ही झारी आजही शिआनच्या संग्रहालयात गर्दी खेचते.

तेराव्या शतकात मंगोल आले आणि मेज पुन्हा बदललं. युआन काळातल्या थडग्यांच्या भिंतींवर झारी-वाडग्याच्या जागी लांब गळ्याची, नासपतीच्या आकाराची बाटली दिसते, यूहूछून म्हणतात ती, आणि उंच देठाचे चषक. घोड्यावर किंवा जमिनीवर बसून पिणाऱ्याला देठ मुठीत धरायला बरा पडतो. दुसरा बदल पेयात झाला. सोळाव्या शतकातला थोर औषधज्ञ ली शीझेन सांगतो की, जाळून काढलेली दारू, म्हणजे ऊर्ध्वपातनाची, युआन काळापासून सुरू झाली. याबद्दल पुरातत्त्वज्ञांत वाद आहे, काही जण ती आणखी मागे नेतात. पण युआननंतर कडक दारू पसरली यावर फारसा वाद नाही. आणि पन्नास टक्के मद्यार्काच्या दारूला प्यायला मोठं भांडं कोण देणार? चषक लहान होत गेले.

त्या लहान चषकांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे मिंग राजवटीतल्या छंगहुआ सम्राटाच्या काळातला (१४६५-१४८७) कोंबड्यांचा चषक. व्यास आठ सेंटीमीटरच्या आसपास, त्यावर कोंबडा, कोंबडी आणि किडे टिपणारी पिल्लं. आधी निळ्या रेघांनी आकृत्या काढून, झिलई देऊन भाजायचं. मग त्या रेघांच्या आत लाल, पिवळे, हिरवे रंग भरून कमी आचेवर पुन्हा भाजायचं. एप्रिल २०१४ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात असा एक चषक २८ कोटी १२ लाख हाँगकाँग डॉलरला गेला. घेणारे शांघायचे उद्योगपती ल्यू यीछ्येन त्यातून चहा प्यायले आणि त्या फोटोवर बरीच बोंबाबोंब झाली. माझ्या मते त्यांचं चुकलं असेल तर एवढंच की चषक दारूचा होता.

वाडग्यात झारी ठेवायची रीत मागे पडली, तरी गरम करायची गरज संपली नाही. छिंग राजवटीच्या शेवटी आणि त्यानंतरच्या प्रजासत्ताकाच्या काळात एक आटोपशीर भांडं घरोघरी आलं, आज जुन्या बाजारात सर्वांत जास्त दिसतं ते हेच. बाहेर डब्यासारखं उभट भांडं, त्यात गरम पाणी. त्यावर भोकाचं झाकण. भोकातून आत सोडलेली निमुळती बाटली, दारूची. आणि बाटलीच्या तोंडावर पालथा घातलेला छोटा चषक, जो झाकणही आणि प्यायचं भांडंही. एकट्याने प्यायला बसायची सोय यापेक्षा सुबक मी पाहिलेली नाही.

गुत्त्यांत मात्र साधा मामला. आधुनिक चिनी कथाकार लू शुन शाओशिंगचा. त्याची कोंग यीजी ही १९१९ ची कथा अशाच एका गावाच्या गुत्त्यात घडते. काटकोनी गल्ला, त्याच्या आत कायम गरम पाणी तयार, बाहेर उभ्याने पिणारे मजूर. गिऱ्हाईक बारकाईने बघतं: दारू मडक्यातून काढली का, भांड्याच्या तळाशी आधीच पाणी तर नाही ना, आणि भांडं डोळ्यांदेखत गरम पाण्यात ठेवलं का. इतक्या पाहऱ्यात दारूत पाणी घालणं कथा सांगणाऱ्या बारा वर्षांच्या पोराला जमत नाही, म्हणून त्याला नुसतं दारू गरम करायच्या कंटाळवाण्या कामावर लावतात. दुधात पाणी घालणाऱ्यांवर नजर ठेवून वाढलेल्या मराठी वाचकाला त्या गिऱ्हाइकांशी लगेच नातं वाटेल.

मुंबईत राहणाऱ्यांना चिनी मातीच्या जुन्या वस्तू पाहायला लांब जायला नको. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी वस्तूंचं दालन आहे. भांड्यापुढे उभं राहिलं की आधी तोटी कुठून निघते आणि तोंड किती रुंद आहे ते बघावं. पेय कोणतं ते निम्मं तिथेच कळतं. विकत घ्यायचा मोह झाला तर मात्र तळाच्या सहा अक्षरी शिक्क्यावर जाऊ नका. छंगहुआचा शिक्का पुढच्या काळातल्या कुंभारांनी सर्रास मारला, कधी फसवायला, कधी जुन्यांना मान म्हणून, आणि आजही मारतात. त्या तीन तुकड्यांच्या गरम करायच्या भांड्यात आतली बाटली बऱ्याचदा मूळची नसते. ती झाकणाच्या भोकात नीट बसते का, झिलईचा रंग आणि चित्रातली निळाई दोन्हींची जुळते का, आणि वरचा चषक बाटलीवर हलतो का, हे उजेडात धरून पाहावं. जुळत नसेल तर विक्रेत्याला तीन वेगळ्या भांड्यांचा भाव विचारावा.